मोर, पोपट येतो

चाटी गल्लीत, बिज्जरगींच्या दुकानात
दोन चादरींचं बिल निघालं
चार लाख पन्नास हजार चारशे पन्नास रुपये.
लातूरचं गिऱ्हाईक आधी हसलं,
मग पाकीट खिशात घालून उठलं.
बिज्जरगी फोनवर ओरडले नाहीत.
म्हणाले, "पोरी, एवढ्यात तर मी दुकान देतो."

प्रोग्रॅम माझा.
रात्री विडी घरकुलात, पत्र्याखाली,
पंखा तीच गरम हवा ढवळत असताना
मी ओळ न् ओळ उसवत बसले.
माझी बेरीज बरोबर होती.
ज्या लायब्ररीवर मी विसंबले
तिच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं:
हे फंक्शन किंमत देतं. प्रकार, पूर्णांक.

देत होतं मजकूर.
साडेचारशे नव्हे,
चार, पाच, शून्य अशी तीन चिन्हं
अवतरणाच्या चिमट्यात धरलेली.
त्यांच्यात अधिक घातलं तर ती वाढत नाहीत,
नुसती शेजारी शेजारी उभी राहतात
नळाला लावलेल्या घागरींसारखी.

नायना जागेच होते. पाणी यायचं होतं.
वेळापत्रकात अकरा, म्हणजे
दोनपर्यंत गल्लीत कुणी झोपत नाही.
तीस वर्षं मागाशेजारी काढून
त्यांना आता फार थोडं ऐकू येतं.
मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला,
दोन जागी बोट ठेवलं,
हे सांगतात,
हे येतं.
इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.
तरी बराच वेळ बघत राहिले,
अंगठ्याखाली धागे मोजावेत तसे.

मग स्टुलावर चढून माळ्यावरून
जकार्डच्या पत्त्यांची एक गड्डी उतरवली,
दोरीत ओवलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
वरच्या पत्त्यावर निळ्या पेन्सिलीत: मोर.
"मागावर चढवला की पोपट यायचा,"
नायना म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
भिंतीपलीकडे कुणीतरी कूस बदलली.
"येल्लप्पानं मोरच घेतला असणार पाडायला.
मधेच मालकानं नमुना बदलला,
चिठ्ठी राहिली तशीच.
नाव वाचू नये. भोकं बघावीत."

मग पत्ते बदलले? मी हातानं विचारलं.

"कसे बदलणार?
तोवर हैदराबादचे व्यापारी मोर मागायचे,
पोपट न्यायचे,
पुढच्या साली पुन्हा मोरच मागायचे."

मी गप्प झाले.
कुठकुठल्या गावांत माझ्यासारखीच कुणी
ती तीन चिन्हं बिनबोभाट
संख्येत वळवून घेत असतील,
शिवी हासडून, चहाचा घोट घेऊन.
मी फंक्शनच नीट करायला सांगितलं
तर उद्या त्यांची बिलं बिघडतील.

नायनांनी गड्डी उलटी केली.
शेवटच्या पत्त्यावर लाल अक्षरांत,
त्यांच्याच अक्षरांत, तेलुगू वळणाच्या मराठीत:
पोपट येतो.
पुढचा मोर खोडलेला नव्हता.

मी पुस्तकातला एक शब्द बदलला,
पूर्णांकच्या जागी मजकूर.
खाली एक ओळ जोडली:
आकड्यासारखा दिसतो, आधी वळवून घ्या.
ज्यांचं पुस्तक आहे त्यांना पाठवून दिली.
त्यांच्याकडे तेव्हा दुपार असेल,
कुणी उघडली असेल, नसेल.
बिज्जरगींचं काम एका ओळीत झालं.
ते साडेचार लाखांचं बिल मात्र
त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय,
येईल त्याला दाखवतात.

"तुझ्या मशीनला," नायनांनी विचारलं,
"भोकं कुठं असतात?"

मी लायब्ररीची आतली फाईल उघडली.
काळ्या पडद्यावर हिरव्या पांढऱ्या ओळी,
शेकड्यांनी.
कुठं बोट ठेवावं ते मला चटकन सुचेना.
तेवढ्यात नळ खोकला,
अम्मानं अंधारातच घागर सरकवली,
आणि नायना चष्मा शोधू लागले.